भाटखोलची संमती

पचनकुंडातले जिवाणू झोपी जात होते, आणि त्याचं कारण डॉ. हेमांगी कारखानीसला काही केल्या सापडत नव्हतं.

सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबात एरवी बाजार भरल्यासारखी हालचाल असायची. आज तिथे गोल, चकचकीत, निश्चल ठिपके पडले होते. बीजाणू. उपासमारीची चाहूल लागली की काही जिवाणू स्वतःभोवती जाड कवच विणतात, आतले सगळे व्यवहार थांबवतात आणि बरे दिवस येईपर्यंत तसेच पडून राहतात. पण इथे उपासमार होती कुठे? कुंडाचं तापमान ठीक होतं, आम्लता ठीक होती, आणि भाटखोलच्या प्रत्येक गल्लीतल्या कचऱ्याचा ठरलेला हिस्सा रोज सकाळी कुंडाच्या तोंडात पडत होता. समोर भरलेलं ताट असताना घरातली सगळी माणसं पांघरूण घेऊन झोपावीत, तसा हा प्रकार होता.

प्रयोगशाळा बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात थाटलेली होती. चाचणीचं पचनकुंड मधोमध उभं होतं, पोलादी आणि पोटाशी फुगीर. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला ते सुरू झालं, तेव्हापासून जेट्टीवरचे सगळे दिवे त्याच्याच वायूवर चालत होते. आता मे संपत आला होता आणि कालपासून ते दिवे मिणमिणायला लागले होते.

"परवा सुनावणी," मुनीर परकार चहाचे पेले टेबलावर ठेवत म्हणाला. "आणि दिवे बघून लोक विचारतील, बाईंची टाकी उपाशी आहे का म्हणून."

"उपाशी नाही, तेच तर कोडं आहे."

मुनीर जैवतंत्रज्ञ होता आणि हेमांगीचा जुना सहकारी. कुंडाची कल्पना दोघांची, पण तिच्यामागे हट्टाने लागलेली होती ती हेमांगी. याआधी दोन गावांनी नकार दिला होता. भाटखोलनेही नाही म्हटलं, तर हा प्रकल्प कायमचा बंद करायचा, असं खात्याच्या संचालकांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. आणि आता भाटखोल हो म्हणणार, याची खात्री वाटू लागली असतानाच कुंड झोपत होतं.

ही खात्री सुरुवातीला मुळीच नव्हती.

पहिली जनसुनावणी जेट्टीवरच्या लिलावाच्या शेडमध्ये झाली होती. अशा प्रकल्पाला गावाची संमती लागते, आणि ती सगळ्यांसमोर हात वर करून द्यावी लागते. हेमांगीने सोबत आकृत्या नेल्या होत्या. त्या बघायला कोणीच आलं नव्हतं. लोक आले होते ते भांडायला.

"कचरा तुमी जाळनार ना?" पहिल्या रांगेतून मंजुळा चोगले यांनी विचारलं. मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या त्या म्होरक्या होत्या, आणि त्यांचा आवाज लिलावात तयार झालेला होता.

"नाही मावशी, जाळायचं नाही. पचवायचं. धूर नाही, राख नाही. कुंडात जिवाणू असतात, ते कचरा खातात आणि त्यातून जळणारा वायू निघतो. त्या वायूवर वीज."

"जिवानू म्हंजे रोगच की."

"तुम्ही दही लावता ना? त्यातही जिवाणूच असतात. आम्ही विरजण लावतो, फक्त दुधाऐवजी कचऱ्याला."

"मग आता लोनी पन काढा." शेडमध्ये हशा पिकला.

हेमांगीही हसली, आणि मग तिने खरी गोष्ट सांगितली. साध्या कुंडाची अडचण अशी असते, की गावाचा कचरा वर्षभर सारखा नसतो. श्रावणात मासळीची घाण बंद होते. गणपतीत निर्माल्य येतं, नारळाच्या शेंड्या येतात. नवा पदार्थ आला की तो पचवणारी द्रव्यं तयार करायला जिवाणूंना दिवस लागतात, आणि तेवढ्यात कुंड नासतं. तिच्या आणि मुनीरच्या जिवाणूसंघाची मातब्बरी इथेच होती. हा संघ आधीच तयारीला लागायचा. एका चवीमागून कोणती चव येते, हे त्याच्या अंगात मुरलेलं असायचं. काजूच्या बोंडांचा चोथा आला, की मागोमाग आंब्याच्या साली येणार हे धरून तो आंब्याच्या तयारीला लागे. त्याला डोकं नव्हतं, पंचांग कळत नव्हतं. पण ज्या जिवाणूंची तयारी वेळेवर होते ते वाढतात, ज्यांची होत नाही ते मागे पडतात, आणि असं पिढ्यान्‌पिढ्या चाळत गेलं की उरतो तो पुढचा घास ओळखणारा संघ.

"म्हंजे आमच्या घरात उद्या काय शिजनार ते तुमच्या टाकीला आज कळतंय," मंजुळाबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेला ताट वाढंपर्यंत कळत नाय."

पुन्हा हशा झाला. तो ओसरला तेव्हा मंजुळाबाईंनी मुद्द्याला हात घातला. "आनि ही बसवनार कुठं?"

नगराध्यक्ष अनंत विचारे यांनी घसा साफ केला. "जागा एकच आहे. खळ्याची."

भाटखोल म्हणजे मागे डोंगर, पुढे खाडी आणि दोन्हींच्या बेचक्यात चढउतारावर बसलेली घरं. सपाट, मोकळी, वाऱ्याची अशी जमीन एवढी एकच होती. जेट्टीपासून खाडीच्या तोंडापर्यंतचं खळं. तिथे बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगायचे, खाली जाळी पसरून जवळा आणि सोडे वाळवायचे. कुंड आलं तर वलांड्या जाणार, आणि भाटखोलमध्ये वाळवण घालायला दुसरी वीतभरही जागा नव्हती.

त्या दिवशी जे झालं त्याला सुनावणी म्हणणं अवघड होतं. एक बाई तर तावातावाने आकृतीचा कागद ओढून त्यावर बसली. विचारे परोपरीने समजावत होते. "पुढच्या पिढ्यांचा विचार करा. मी काय उद्या गाव सोडून जाणार आहे? इथेच जन्मलो, इथल्याच मसणात जाणार."

"मसन तरी शिल्लक ठेवा टाकीपासून!" मागून कोणीतरी ओरडलं.

पण मार्चमधल्या दुसऱ्या सुनावणीत आवाज खाली आले होते. लोक शांतपणे बसले, शांतपणे ऐकलं. मंजुळाबाईंनी एकच गोष्ट विचारली. "वीज सगळ्यांना मिळंल ना? म्हाताऱ्या मानसांना, एकट्यादुकट्याला? कोनाची होडी बंद असली तरी?" मिळेल, असं हेमांगीने सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि त्या गप्प बसल्या. आपण नीट समजावून सांगितलं त्याचं हे फळ, असं हेमांगीला वाटलं. संचालकांना तिने तसंच कळवलं.

"विरजण," मुनीर अचानक म्हणाला. चहा संपवून तो खिडकीशी उभा होता.

"विरजणाचं काय?"

"आपण ते कुसळी बेटावरून आणलं."

कुसळी बेटावर त्यांचं पहिलंवहिलं कुंड होतं. ते उत्तम चाललं होतं, पण मग एका पावसाळ्याच्या तोंडावर बेटावरची माणसंच निघून गेली आणि कुंड कित्येक महिने बेवारस उभं राहिलं. भाटखोलची चाचणी ठरल्यावर मुनीर होडीने बेटावर गेला आणि कुंडाच्या तळाचा गाळ बरण्यांत भरून घेऊन आला. त्याच गाळाचं विरजण इथे लावलं होतं.

"तळाला काय होतं?" मुनीर म्हणाला. "सगळे बीजाणूच. जागे होते ते उपाशी मेले. जे झोपले होते, त्यांचीच पोरंबाळं ही."

हेमांगीने हातातली काचपट्टी खाली ठेवली. "थांब. कवच विणायलाही अन्न लागतं. कचरा थांबल्यावर झोपायला गेलेले अर्ध्या वाटेतच मेले असणार. म्हणजे जे वाचले ते..."

"ते कचरा थांबायच्या आधीच झोपले."

"आधी? मग त्यांना चाहूल लागली कशाने?"

संघाची तयारी चवीवरून होते, हे त्यांनीच सिद्ध केलं होतं. एका चवीमागून दुसरी. मग अशी कोणती चव होती, की जिच्यामागून काहीच येत नाही?

मुनीर खिडकीपासून निघाला आणि कुंडाच्या तोंडाशी गेला. सकाळचा कचरा अजून आत ढकलला गेला नव्हता. त्याने वाकून वास घेतला, मग हातमोजा चढवून बराच वेळ ढवळलं.

"काय शोधतोयस?"

"मे महिना," तो म्हणाला. "मे महिन्याचा वास नाही याला. आमच्या घरी या दिवसांत अंगणात पाय ठेवायची सोय नसायची. एकीकडे खारवलेले बांगडे, एकीकडे आमसुलं, वर पत्र्यावर आंबोशी. अम्मी आम्हाला काठी देऊन कावळे हाकायला बसवायची. आगोट, हेमांगी, आगोट!"

"म्हणजे पावसाळ्याची बेगमी?"

"तीच. पावसात होड्या बंद, बाजार बंद. चार महिन्यांचं खाणं आता भरून ठेवायचं. त्याची घाण किती निघते माहीत आहे? माशांची डोकी, आतडी, खारं पाणी, कोकमाच्या बिया, फणसाची चारखंडं. या दिवसांत अर्धा कचरा त्याचाच असायला हवा." त्याने हातमोजा उलटा करून काढला. "इथे आंब्याच्या साली आहेत, कोय आहे, रोजचं सगळं आहे. आगोटीचं काही नाही. एक कोकमाची बी नाही."

हेमांगी घाटावरची. घटकांच्या मोजणीत मीठ आणि प्रथिनं घसरलेली तिला दिसली होती, पण मासळी कमी आली असेल, एवढाच अर्थ तिने लावला होता.

"यंदा मासळी पडली नसेल," ती आताही म्हणाली. "किंवा सगळे विकत आणत असतील. कुसळीशी त्याचा संबंध लागतोच असं नाही."

"मग तपासून बघू."

दुपारच्या तरीने मुनीर खाडीपलीकडच्या सडवे गावात गेला. उन्हं कलताना परतला तो गच्च झाकण लावलेला पिंप घेऊन, आणि तरीवाल्याची बोलणी खाऊन. सडव्यात पाय ठेवायला जागा नव्हती, असं त्याने सांगितलं. तेच पाणी, तीच मासळी, आणि घराघरापुढे वाळवणं.

त्यांनी तीन बरण्या घेतल्या आणि तिन्हींत झोपलेल्या संघाचा सारखाच गाळ भरला. पहिलीत रोजचा कचरा टाकला. दुसरीत साखर, प्रथिनं आणि बाजारचं मीठ, म्हणजे आगोटीच्या घाणीत जेवढं पोषण असतं तेवढंच, पण तिची चव नसलेलं. तिसरीत सडव्याच्या पिंपातला ऐवज. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या दोन बरण्या होत्या तशाच होत्या. तिसरीने झाकण उडवलं होतं आणि टेबलावर फेस आला होता.

फेस पुसण्याचं भान दोघांनाही राहिलं नाही.

"म्हणजे कुंड निरोगी आहे," हेमांगी सावकाश म्हणाली. "पोषण मिळालं म्हणून ते उठलं नाही. आगोट आली म्हणून उठलं. कुसळीच्या लोकांनी जायच्या वर्षी आगोट भरली नव्हती. ज्या जिवाणूंनी ती चव आली नाही म्हणून पांघरूण ओढलं, तेच वाचले."

"आणि इथेही ती आलेली नाही." मुनीरने टेबलाच्या कडेला टेकून घाम पुसला. "तरीवर एकजण म्हणत होता, उत्तरेला ते नवं यांत्रिक बंदर झालंय, तिथे कुटुंबाला खोल्या देतायत. मी विचारलं, भाटखोलचं कोणी जातंय का? म्हणाला, भाटखोलवाले कसले जातात, त्यांचा सगळा जीव होडीत."

होडीची गोष्ट हेमांगीला ठाऊक होती. इथे होडी एकट्याची नसते. तीन-चार घरांची भागीत असते, आणि प्रत्येक घरातून एक माणूस तिच्यावर जातो. एक घर उठलं की होडी किनाऱ्याला लागते. म्हणून जाणारा माणूस आधी सांगत नाही. हंगाम संपेपर्यंत तोंड मिटून राहतो, आणि मग एके दिवशी त्याच्या घराला कुलूप दिसतं.

"एखादंदुसरं घर असतं तर संघाला कळलं नसतं," ती म्हणाली. "त्याला घरं कळत नाहीत. त्याला सबंध गावाचं एक ताट कळतं."

"म्हणजे जवळपास सगळेच. आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही." मुनीर तिच्याकडे वळला. "उद्या काय करणार आहेस?"

"सांगणार."

"नीट विचार कर. संमती मिळतेय. एकदा मिळाली की प्रकल्प जिवंत राहतो, पुढे दुसरी गावं आहेत. तू उभं राहून सांगितलंस, तुमच्या कचऱ्यावरून आम्हाला तुमची गुपितं कळली, तर तुला शेडबाहेर जाऊ देतील का?"

"मुनीर, मला तीस वर्षांच्या कचऱ्याच्या हमीवर सही करायची आहे. आणि येत्या पावसाळ्यातल्या कचऱ्याचीही हमी मला माझं स्वतःचं कुंड देत नाहीये."

"कुसळीलाही आपण सही केली होती."

"तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं."

त्यावर मुनीरने फडकं घेतलं आणि तो टेबल पुसायला लागला.

तिसऱ्या सुनावणीला शेड भरली होती. ऊन पत्र्यावर तापत होतं, बायका पदरांनी वारा घेत होत्या. कोणीही आवाज चढवत नव्हतं. विचाऱ्यांनी ठराव वाचला: खळ्याच्या जागेवर पचनकुंड उभारण्यास भाटखोलच्या नागरिकांची संमती आहे. "कोणाला काही बोलायचंय?" कोणाला काही बोलायचं नव्हतं. "मग अनुकूल असतील त्यांनी हात वर करा." आणि स्वतःचा हात त्यांनी सगळ्यांत आधी वर केला.

सगळे हात वर गेले.

"एकमत," मुनीर पुटपुटला.

हेमांगीचं लक्ष मंजुळाबाईंच्या हाताकडे होतं. बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या, हात ताठ वर. याच बाई पहिल्या सुनावणीत वलांड्यांसाठी आडव्या पडायला निघाल्या होत्या. आणि आत्ता, या क्षणी, कुंडाचं कोडं आणि या एकमताचं कोडं हेमांगीच्या मनात एक झालं. ज्याला पुढच्या वर्षी बोंबील सुकवायचे आहेत, तो खळं द्यायला हात वर करूच शकत नाही. तिच्या समजावण्याने कोणाचं मत बदललं नव्हतं. ही माणसं आपली जागा मागे राहणाऱ्यांना देऊन चालली होती, आणि मागे राहणारं कोणी नव्हतं. कुंडाने पांघरूण ओढलं होतं आणि गावाने हात वर केला होता. दोन्हींचा अर्थ एकच होता.

ती उभी राहिली. "अध्यक्ष, नोंद करण्याआधी मला एक विचारायचंय. सगळ्यांनाच." तिचा आवाज तिला स्वतःला फार बारीक वाटला. "यंदा आगोट कोणी भरली?"

पदरांचा वारा थांबला.

"आता हा काय प्रश्न झाला?" कोणीतरी म्हणालं.

"भरनार हाव ना," मंजुळाबाई म्हणाल्या. "दिस काय पळून चाललेत?"

"मावशी, पाऊस दाराशी आलाय. सडव्यात अंगणं भरलीत. इथलं खळं मी सकाळी बघून आले, वलांड्या रिकाम्या आहेत." मग तिने सांगून टाकलं. कुसळी बेट, तळाचा गाळ, तीन बरण्या, सगळं, जितक्या साध्या शब्दांत सांगता येईल तितक्या. "कुंडाला कोणाचं घर दिसत नाही. कोण जाणार, कोण राहणार हे मलाही माहीत नाही, आणि मला ते विचारायचंही नाही. पण पाऊस लागला की इथे कचरा येणार नाही, असं कुंड धरून चाललंय. ते चुकत असेल तर मला सांगा. मी आनंदाने सही करीन."

हात केव्हाच खाली आले होते, आता माना खाली गेल्या. मंजुळाबाईंनी शेजारी बसलेल्या येसूबाईंकडे पाहिलं. दोघींच्या घरांची होडी एक होती.

"येसू, तुझं मीठ आलं?"

"तुझं आलं?"

"मी आधी विचारलं गो."

येसूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "पोरगा म्हनतो, खोल्या मिळतायत. नुसतं बघून येऊ म्हनतो."

"कुठं?"

"त्या नव्या बंदरात."

"कुठल्या इमारतीत?"

"निळ्या. दुसऱ्या माळ्यावर."

मंजुळाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. "आमची पन निळीच. पयला माळा." मग त्यांचा लिलावातला आवाज परत आला. "म्हंजे मला न सांगता तू माझ्या डोक्यावर ऱ्हायला येनार होतीस?"

"आनि तू मला सांगून चाललीवतीस?"

पहिलं हसू कुठून फुटलं ते कळलं नाही, पण ते शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं आणि मध्येच कुठेतरी त्याचं हसू राहिलं नाही. माणसं एकमेकांकडे वळू लागली. तुमचंही? कधी? अरे, मला वाटलं आमचंच. मी निघालो की तुमची होडी बसंल म्हनून मला घास उतरत नव्हता. मला पन. आनि तूच आधी उठशील या धास्तीनं मी खोली बघितली. एक म्हातारा भागीदाराचा हात धरून नुसता बसून राहिला.

"मग जातंय कोन?" मंजुळाबाईंनी मोठ्याने विचारलं. "आनि कशापायी?"

विचाऱ्यांनी टेबलावर थाप मारली. त्यांच्या कपाळावर घाम साचला होता. "शांतता! ठराव अजून तसाच आहे. झालं ते मत धरायचं की नाही यावर उद्या वाद नको. पुन्हा मत घेऊ. खळ्याच्या जागेवर कुंडाला ज्यांची संमती आहे, त्यांनी हात वर करा आणि मोजून होईपर्यंत खाली घेऊ नका."

विचाऱ्यांचा हात सवयीने वर गेला. बाकीचे हात या वेळी एकदम वर आले नाहीत. आता हात वर करणं म्हणजे काय, हे प्रत्येकाला कळत होतं. एक हात वर आला, तो एका तरुणाचा. त्याच्या वडिलांना आठवड्यातून दोनदा मोठ्या इस्पितळात न्यावं लागे. त्याने कोणाकडे न बघता तो वर धरून ठेवला. त्याच्या भागीदाराने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि स्वतःचा दुसरा हात मांडीवरच राहू दिला. मग आणखी काही हात आले. येसूबाईंचा अर्ध्यापर्यंत गेला, तिथून त्यांनी तो अंबाड्यावर नेला आणि केसातला काटा नीट करून खाली घेतला.

मंजुळाबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते.

जो हात वर येत नव्हता तो हेमांगीच्या कुंडाविरुद्ध होता. संचालकांना काय लिहायचं, हे तिला आताच दिसत होतं. इतक्या वर्षांचं काम शीतपेटीत जाणार होतं. तरी मांडीवरच राहिलेला एकेक हात दिसला की तिच्या छातीवरचा भार थोडा हलका होत होता, आणि याचं तिला स्वतःलाच नवल वाटत होतं.

"आनि बाई," मंजुळाबाई तिला म्हणाल्या, "खळं तर मिळनार नाय. टाकी पायजे असंल तर दुसरी जागा बघा."

"दुसरी जागा नाहीये, मावशी."

"नाय कशी? वर डोंगरात उकरा."

"डोंगरात गाड्या चढणार नाहीत."

"चढवा. शिकलेली मानसं तुमी, आमाला काय विचारता?"

"आनि वर ठेवली तर सगळं पानी आमच्या आळीत उतरंल," मागच्या रांगेतून एकजण उठून उभा राहिला. "आमी नाय चालवून घेनार!"

"तुला कोन विचारतंय?"

"का? मी ऱ्हातो ना हितं!"

पहिल्या सुनावणीसारखा गोंगाट सुरू झाला. मुनीर मान खाली घालून हसत होता.

विचारे मात्र मोजत होते. डाव्या हाताचं बोट एकेका वर आलेल्या हातावरून फिरवत, ओठांतल्या ओठांत आकडा म्हणत, ते शेवटच्या रांगेपर्यंत गेले. आकडा मनात धरून त्यांनी लेखणी उचलायला टेबलाकडे पाहिलं.

"अध्यक्ष," येसूबाई म्हणाल्या, "तुमचा धरलात का?"

"माझा?"

त्यांनी वर पाहिलं. त्यांचा उजवा हात त्यांच्याच डोक्यावर तसाच उभा होता. गोंगाट रांगेरांगेने थांबत पुढे आला आणि 'इथल्याच मसणात जाणार' म्हणणाऱ्या माणसाच्या त्या हाताकडे सगळी शेड बघू लागली.

विचाऱ्यांनी हात खाली घेतला नाही. "धरा," ते हळूच म्हणाले.